सायखेड्याच्या आकाशातले खंडग्रास सूर्यग्रहण : प्रस्तावना

२०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झाले आणि पाडवा आला २६ तारखेला. मधला मंगळवार सूर्यग्रहणाने घेतला. त्या संध्याकाळी मुंबईतून सूर्याचे सुमारे २४ टक्के बिंब झाकलेले दिसले, तर दिल्लीतून ४४ टक्के. मुंबईत ग्रहण लागल्यापासून सूर्य मावळेपर्यंत १ तास १९ मिनिटे मिळाली आणि ग्रहण सुटण्याआधीच सूर्य क्षितिजाखाली गेला. अशा ग्रहणाला पंचांगात ग्रस्तास्त म्हणतात. हे ग्रहण जगात कुठेच खग्रास नव्हते. चंद्राची गडद छाया पृथ्वीला स्पर्श न करता उत्तर ध्रुवाच्या बाजूने निघून गेली होती, आणि पृथ्वीच्या वाट्याला फक्त तिची फिकट कड आली होती.

एकच सूर्य, एकच चंद्र, एकच संध्याकाळ आणि दोन शहरांत दोन आकडे. या पुस्तकाचा विषय त्या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

खग्रास ग्रहणाची कीर्ती मोठी आहे आणि ती रास्तही आहे. भर दिवसा तारे दिसतात, सूर्याभोवती प्रभामंडल फुलते, हवेत गारवा येतो. त्यापुढे खंडग्रास ग्रहण दुय्यम वाटते. वर्तमानपत्रात त्याला एक छोटी चौकट मिळते आणि शाळेत एक सूचना. पण खग्रास पट्टा जेमतेम शे-दोनशे किलोमीटर रुंदीचा असतो आणि एखाद्या ठराविक गावावरून तो शतकानुशतके जात नाही. खंडग्रास ग्रहण मात्र हजारो किलोमीटरच्या टापूत दिसते, आणि प्रत्येक गावात ते निराळे असते. नाशिकला दिसेल तितका सूर्य नागपुरात झाकलेला नसतो. सायखेड्याला ग्रहणाचा स्पर्श होईल त्या क्षणी कोल्हापुरात तो झालेला नसतो, किंवा होऊन गेलेला असतो. म्हणून सायखेड्याच्या शाळेच्या गच्चीवरून, घड्याळ लावून, कुणी विद्यार्थिनीने टिपलेले छायाचित्र मुंबईच्या किंवा परदेशातल्या कुठल्याही वेधशाळेच्या छायाचित्राने भरून निघत नाही. त्या जागेची, त्या क्षणाची नोंद तिच्याकडेच असते. खंडग्रास ग्रहण निरखून पाहायचे, टिपायचे आणि मोजायचे ते यासाठी.

निफाड तालुक्यातले सायखेडा गोदावरीच्या काठावर वसले आहे. पलीकडच्या तीरावर चांदोरी आणि खालच्या अंगाला गोदा-कादवेच्या संगमाजवळचे नांदूरमधमेश्वर, म्हणजे महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ क्षेत्र. आजूबाजूला द्राक्षबागा आणि कांदा. वेधशाळा नाही, मोठी दुर्बीण नाही. तरीही ग्रहणाच्या अभ्यासाला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी इथे हाताशी आहेत, हे पुढच्या प्रकरणांत दिसेल.

भारतातून दिसणारे पुढचे सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ चे आहे. त्या दिवशी स्पेनचे दक्षिण टोक, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालिया यांच्यावरून खग्रास पट्टा जाईल आणि हिंदी महासागरात संपेल. इजिप्तमधल्या लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण अंधार असेल. भारतभर ते खंडग्रास दिसेल. महाराष्ट्रात दुपार उलटल्यावर, सूर्य पश्चिमेकडे कलला असताना ते पाहायला मिळेल. वार सोमवार, तिथी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस आणि सोमवतीही. जाहीर झालेल्या कार्यक्रमाप्रमाणे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातले पहिले अमृतस्नानही याच दिवशी आहे. रामकुंडावर स्नानासाठी लाखो लोक जमलेले असतील आणि तेच पाणी पुढे सायखेड्याच्या पुलाखालून वाहत असेल. नाशिक जिल्ह्यात इतक्या लोकांना एकाच दिवशी ग्रहण दाखवता येईल, असा योग सहसा येत नाही. त्याची तयारी आधी व्हावी, हा या लेखनामागचा हेतू आहे.

या ग्रहणाचे कूळही जाणून घ्यावे असे आहे. ग्रहणे एकेकटी येत नाहीत, ती घराण्यांनी येतात. १८ वर्षे ११ दिवस आणि सुमारे ८ तास झाले की सूर्य, चंद्र आणि चंद्रकक्षेचे छेदनबिंदू जवळजवळ पहिल्याच मांडणीत परत येतात. या कालचक्राला सारोस म्हणतात. ते ८ तास फार महत्त्वाचे. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते आणि पुढचे ग्रहण तितकेच पश्चिमेला सरकते. २ ऑगस्ट २०२७ मधून एक सारोस वजा केला की २२ जुलै २००९ येतो. त्या पहाटे सुरतेवरून, इंदूर-भोपाळवरून, वाराणसी-पाटण्यावरून खग्रास पट्टा गेला होता. एकविसाव्या शतकातले ते सर्वांत दीर्घ खग्रास ग्रहण. पॅसिफिक महासागरात त्याचा अंधार ६ मिनिटे ३९ सेकंद टिकला. नाशिक पट्ट्याच्या दक्षिणेला राहिले आणि तिथे सूर्य ग्रासलेलाच उगवला. आणखी मागे गेले तर १९९१ चे हवाई-मेक्सिकोचे, १९७३ चे आफ्रिकेचे, २० जून १९५५ चे श्रीलंकेवरून गेलेले, १९३७ चे आणि २९ मे १९१९ चे ग्रहण याच कुळातले निघते. १९१९ च्या ग्रहणात खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्या मोहिमेने प्रिन्सिप बेटावरून ताऱ्यांची छायाचित्रे घेतली. आइन्स्टाइनने सांगितल्याप्रमाणे सूर्याजवळून येणारा प्रकाश वाकतो, हे त्या छायाचित्रांवरून मोजले गेले. सायखेड्यात २०२७ ला दिसणारी चंद्रकोरीसारखी सूर्यकोर त्याच साखळीतला पुढचा दुवा आहे.

ग्रहण मोजण्याची परंपरा या मातीत नवी नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याच्या राधनपूर ताम्रपटात शके ७३० च्या श्रावण अमावास्येला, सूर्यग्रहणाच्या पर्वावर दिलेल्या दानाची नोंद आहे. अभ्यासकांनी गणित मांडून ती तारीख २७ जुलै ८०८ अशी निश्चित केली. याच राजाचा आणखी एक ताम्रपट नाशिक जिल्ह्यातल्या वणीला सापडला आहे. दान देणाऱ्याला पुण्य हवे होते. ग्रहणाचा उल्लेख केल्यामुळे त्याने नकळत इतिहासाला एक खिळा ठोकून दिला, ज्यावर बाकीच्या घटनांच्या तारखा टांगता येतात.

पुढे शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० च्या सुमारास, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघव’ लिहिले. ज्या-कोटिज्यांचे किचकट कोष्टक न वापरता, साध्या अंकगणिताने ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष काढण्याची रीत त्यात आहे. महाराष्ट्रातले पंचांगकर्ते शतकानुशतके तीच वापरत आले. चंद्राचा काठ सूर्याला टेकतो तो स्पर्श, सर्वाधिक भाग झाकला जातो तो मध्य, शेवटचा काठ सुटतो तो मोक्ष आणि व्यासाचा किती भाग झाकला ते ग्रासमान. आज कॅमेरा घेऊन गच्चीवर जाणाऱ्यालाही हेच चार शब्द पुरतात, म्हणून या पुस्तकात तेच ठेवले आहेत.

छायाचित्रणाचा इतिहास तर महाराष्ट्राच्या आणखी जवळ येतो. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरला आणि सोलापूर जिल्हा ओलांडून विदर्भाकडे गेला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आपले पथक घेऊन विजयदुर्गावर उतरले होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ आजही पाहुण्यांना दाखवले जातात. लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला अशी कथा अनेकदा ऐकू येते. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात ते इंग्लंडमध्ये होते, आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना अभ्यासली. विजयदुर्गाला ते आले ते तीस वर्षांनी, १८९८ च्या ग्रहणाला.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर स्थानकाजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. तिथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपली उपकरणे मांडली होती. पुण्याच्या सायन्स कॉलेजातल्या या प्राध्यापकाने ग्रहणाचा अहवाल प्रसिद्ध केला. भारतीय खगोलशास्त्रात तो मोलाचा मानला जातो. विदर्भातल्या तळणीला खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर यांनी अवघ्या दीड इंची भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा लांबच लांब झोत टिपला. तेवढा लांब झोत त्याआधी कुणाच्या काचेवर उमटला नव्हता. मोठमोठी उपकरणे घेऊन आलेल्या मोहिमांना जे जमले नाही, ते नेमक्या तयारीने वापरलेल्या लहान कॅमेऱ्याला जमले. त्या दिवशी नाशिक पट्ट्याबाहेर होते आणि तिथे सूर्य खंडग्रासच राहिला. त्या दृश्याचे एखादे छायाचित्र वेळेच्या नोंदीसह हाती असते, तर आज ते किती मोलाचे ठरले असते!

नाशिकच्या छायाचित्रकाराने आणखी एक नाव लक्षात ठेवायला हवे. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरी जन्मले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची एक छोटी चित्रफीत केली होती. कॅमेरा जागचा न हलवता ठराविक काळाने एकेक चित्र घ्यायचे आणि ती सलग दाखवायची, ही तिची रीत. खंडग्रास ग्रहण टिपायलाही याहून चांगली रीत नाही. एकच सुंदर छायाचित्र ग्रहणाबद्दल फारसे काही सांगत नाही. स्पर्शापासून मोक्षापर्यंत दर पाच मिनिटांनी, एकाच मापाने, एकाच जागेवरून घेतलेली वीस-पंचवीस चित्रे मात्र चंद्राचा संपूर्ण प्रवास सांगतात.

आता सगळ्यांत आधी यायला हवी ती गोष्ट, डोळ्यांची. खंडग्रास ग्रहणात सूर्य एका क्षणासाठीही उघड्या डोळ्यांनी पाहण्याजोगा होत नाही. नव्वद टक्के झाकला गेला तरी उरलेला दहा टक्के भाग तितकाच प्रखर असतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. इजा होताना काही जाणवत नाही आणि काही तासांनी दृष्टीच्या मध्यभागी डाग दिसू लागतो. सुरक्षित पाहण्यासाठी सूर्यप्रकाश साधारण एक लाखांश इतका कमी व्हावा लागतो. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल, सीडी यांपैकी कशानेही ते खात्रीने होत नाही. परातीत हळदीचे पाणी ठेवून त्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहण्याची पद्धत घराघरांत आहे. तीही पुरेशी नाही. वर आलेल्या सूर्याचा सुमारे दोन टक्के प्रकाश पाणी परत फेकते, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या दोन हजार पट. सूर्य खाली आला की हे प्रमाण आणखी वाढते. आयएसओ १२३१२-२ या मानकाचे ग्रहणचष्मे किंवा १४ क्रमांकाची वेल्डिंगची काच हीच साधने वापरावीत. चष्मा जुना असेल तर तो घालून घरातल्या दिव्याकडे पाहावे. नेहमीचा दिवा दिसला, किंवा चष्म्यावर ओरखडा अथवा टाचणीएवढे भोक आढळले, तर तो टाकून द्यावा.

चष्मा नसला तरी ग्रहण हुकत नाही. सूर्याकडे पाठ करून पाहण्याची रीत सर्वांत निर्धोक आहे आणि तिला खर्च नाही. बारीक छिद्रातून आलेला प्रकाश समोरच्या कागदावर सूर्याची प्रतिमा उमटवतो. छिद्रापासून कागद जितका दूर, त्याच्या सुमारे एकशेनवांश इतका त्या प्रतिमेचा व्यास. एक मीटरवर नऊ मिलिमीटर, तीन मीटरवर पावणेतीन सेंटिमीटर. सोऱ्याची शेवेची ताटली, पुऱ्या तळायचा झारा किंवा पिठाची चाळण उन्हात धरली की अंगणात एका ओळीत डझनावारी सूर्यकोरी दिसतात. ऑगस्टमध्ये द्राक्षाचे मांडव पानांनी भरलेले असतात. ढगांनी साथ दिली तर पानांच्या फटीफटीतून मांडवाखालच्या मातीवर शेकडो सूर्य उतरलेले असतील आणि सगळ्यांचा एकाच बाजूचा घास गेलेला असेल. या दृश्याचे छायाचित्र साध्या मोबाइलवरही उत्तम येते. डोळ्यालाही धोका नाही, कॅमेऱ्यालाही नाही.

शाळेसाठी त्याहून सरस प्रयोग आरशाचा आहे. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवायचा, त्यात पाच मिलिमीटरचे गोल भोक ठेवायचे आणि मैदानात आरसा असा टेकवायचा की कवडसा दहा मीटरवरच्या अंधाऱ्या वर्गात, भिंतीवर पडेल. तिथे नऊ सेंटिमीटरचा सूर्य तयार होतो आणि सगळा वर्ग एकदम ग्रहण पाहतो. भिंतीवर आलेखाचा कागद लावला आणि दर पाच मिनिटांनी कोरीची कड पेन्सिलने गिरवली, की तासाभरात ग्रहणाचा नकाशा तयार. आरशाचा कवडसा कुणाच्या डोळ्यावर जाऊ नये, एवढी काळजी मोठ्या माणसाने उभे राहून घ्यावी.

कॅमेऱ्याचे नियम थोडे आहेत, पण त्यात सूट नाही. सौर फिल्टर नेहमी भिंगाच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसवलेला, वाऱ्याने उडणार नाही असा. डोळ्याकडच्या बाजूला लावलेला फिल्टर तापून तडकू शकतो. ग्रहणचष्मा डोळ्याला लावून, फिल्टर नसलेल्या दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहणे सर्वांत घातक, कारण भिंगाने एकवटलेला प्रकाश चष्म्याची फिल्म जाळून आत जातो. भिंगाच्या नाभीय अंतराला १०९ ने भागले की सेन्सरवरच्या सूर्याचा व्यास मिळतो. २०० मिलिमीटरच्या भिंगाने तो दोन मिलिमीटरही भरत नाही, ५०० च्या भिंगाने साडेचार मिलिमीटरच्या पुढे जातो. पुरेसा तपशील हवा असेल तर ५०० किंवा त्याहून लांब भिंग आणि भक्कम तिपाई लागते. एक लाखांश प्रकाश सोडणारा फिल्टर, आयएसओ १००, छिद्र एफ ८ असे ठेवले तर सेकंदाच्या सुमारे चारशेव्या भागापासून सुरुवात करावी. आदल्या निरभ्र दिवशी, त्याच वेळेला अख्ख्या सूर्याची चाचणी चित्रे काढून माप पक्के करावे. ते शेवटपर्यंत बदलू नये, म्हणजे सगळी चित्रे एकमेकांशी ताडता येतात. फोकस हाताने करावा. सूर्यावर डाग असतील तर त्यांच्यावर, नसतील तर काठावर.

मोबाइलला सूर्य फार लहान दिसतो. भिंगापुढे ग्रहणचष्मा धरून, उजेडाची पट्टी खाली ओढून तो टिपता येतो, पण मोठ्या तपशिलाची अपेक्षा ठेवू नये. एक गंमत मात्र मोबाइलच दाखवतो. ढगाआडच्या सूर्याचा फोटो काढला की चित्रात कुठेतरी निळसर-हिरवट ठिपका उमटतो. भिंगांच्या आत परावर्तित झालेली ती सूर्याचीच उलटी प्रतिमा असते आणि ग्रहणात तीही कोरीच्या आकाराची निघते.

चित्रापेक्षा वेळ महत्त्वाची. कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवावे आणि पुरावा म्हणून सुरुवातीला मोबाइलच्या घड्याळाचाच एक फोटो काढून ठेवावा. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश वहीत लिहावेत. चित्रातली दिशा ठरवायला एक सोपी युक्ती आहे. कॅमेरा न हलवता एका मिनिटाच्या अंतराने दोन चित्रे घ्यावीत. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तेवढ्यात सूर्य आपल्या निम्म्या व्यासाएवढा सरकतो आणि सरकण्याची दिशा म्हणजे आकाशातली पश्चिम.

मग मोजमाप. चंद्र आणि सूर्य यांच्या केंद्रांतून रेषा काढायची, त्या रेषेवर सूर्याच्या व्यासाचा किती भाग झाकला ते पट्टीने मोजायचे आणि पूर्ण व्यासाने भागायचे, की ग्रासमान निघाले. बातम्यांतले टक्के बहुधा क्षेत्रफळाचे असतात, व्यासाचे नव्हे, त्यामुळे घोळ होतो. दोन्ही बिंबे सारख्या आकाराची धरली तर व्यासाचा ३६ टक्के भाग झाकल्यावर क्षेत्रफळाचा २४ टक्केच झाकलेला असतो. व्यास अर्धा झाकला तरी क्षेत्रफळ ३९ टक्केच. दर पाच मिनिटांचे ग्रासमान आलेखावर मांडले की चढण, माथा आणि उतार दिसतो. माथ्याची वेळ पंचांगातल्या ग्रहणमध्याशी ताडून पाहता येते.

आकाशाकडे न पाहताही बरेच मोजता येते. सूर्याचा चौथा हिस्सा झाकला गेला तरी माणसाच्या डोळ्याला ऊन कमी झालेले जाणवत नाही, कारण बाहुली तेवढी मोठी होते. यंत्र फसत नाही. निफाड तालुक्यात शेतावर सौर पंप आहेत, घरांवर सौर पॅनेल आहेत. त्यांच्या मीटरवरचे आकडे दर पाच मिनिटांनी टिपले तर ग्रहणाची खोल दरी त्यात स्पष्ट उमटते. काही बागायतदारांकडे बागेतच स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. त्यांत तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदली जाते. ग्रहणाच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशीचे आकडे सोबत ठेवले, तरच घट ग्रहणाची की ढगाची हे सांगता येते.

ढग हा ऑगस्टमधला खरा प्रश्न आहे. २२ जुलै २००९ ला सुरतेत आणि बिहारमधल्या तारेगण्यात जमलेल्या हजारो लोकांच्या वाट्याला ढगच आले. घाटमाथ्यावर, इगतपुरी-त्र्यंबककडे कोसळणारा पाऊस निफाडकडे येईपर्यंत विरळ होतो, ही सायखेड्याची जमेची बाजू. पण वरच्या धरणांतून पाणी सुटले की गोदावरी इथेच पसरते. २ ऑगस्ट २०१६ च्या मुसळधार पावसानंतर आलेल्या पुरात सायखेडा आणि चांदोरीने जे भोगले ते अजून ताजे आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेच पुन्हा झाले. २०२७ ला वर नाशिकला पर्वणीची गर्दी असेल आणि नदीचे पाणी कसे असेल ते आज सांगता येणार नाही. म्हणून निरीक्षणाची जागा घाटावर किंवा पुलावर नको. शाळेची गच्ची, बाजारतळाचे मोकळे मैदान, शेतातले उंच खळे चालेल. पातळ ढगातून सूर्य मंद दिसला तरी फिल्टर काढू नये. ढग क्षणात सरकतो आणि डोळ्याला तेवढा क्षण पुरतो.

ग्रहणाभोवती श्रद्धा आहेत. वेध पाळणारी, सुटल्यावर आंघोळ करून दानधर्म करणारी घरे सायखेड्यातही आहेत. ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ही आरोळी अनेकांनी लहानपणी दारात ऐकली आहे. अमृतस्नानाच्या दिवशी येणाऱ्या या ग्रहणाला तर श्रद्धेचे वलय मोठेच असेल. ज्याला स्नान करायचे त्याने करावे. मात्र ग्रहणाच्या भीतीने गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत उपाशी बसवणे आणि मुलांना घरात कोंडून ठेवणे याला कसलाही आधार नाही. ग्रहणातल्या उन्हात नेहमीच्या उन्हापेक्षा वेगळे असे काहीही नसते, फक्त ते थोडे कमी असते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून लोकांना आकाश दाखवण्याचे काम करत आहेत. त्याच कामाची गावपातळीवरची मांडणी इथे केली आहे.

या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे ग्रहणाचे गणित आणि डोळ्यांची सुरक्षितता यांची आहेत. मधली चार छिद्र, आरसा, मोबाइल आणि मोठा कॅमेरा यांची. शेवटचे प्रकरण एका जुन्या मोजमापाचे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कस याच्याकडे एकाच ग्रहणाच्या दोन बातम्या होत्या. हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीजवळ सूर्य पूर्ण झाकला गेला होता आणि अलेक्झांड्रियात त्याचा चार पंचमांश भाग. त्या एक पंचमांशाच्या फरकावरून त्याने चंद्राचे अंतर काढले. सूर्य इतका दूर आहे की दोन शहरांतून तो एकाच जागी दिसतो. चंद्र जवळ असल्याने तो जागा बदलतो. निरीक्षकांमधले आडवे अंतर हजार किलोमीटर असेल तर चंद्र आपल्या व्यासाच्या पाव भागाहून थोडा अधिक सरकलेला दिसतो. मुंबईच्या २४ आणि दिल्लीच्या ४४ टक्क्यांमागे मुख्यतः हेच कारण होते.

हा प्रयोग २०२७ मध्ये कोणतीही शाळा करू शकते. सायखेड्याच्या शाळेने उत्तरेकडची एक आणि दक्षिणेकडची एक अशा दोन शाळा आधीच गाठाव्यात, त्यांच्याशी वेळा ठरवाव्यात आणि तिन्ही ठिकाणी नेमक्या त्याच सेकंदाला चित्रे घ्यावीत. संध्याकाळी ती एकमेकांवर ठेवून सूर्याची बिंबे जुळवली की चंद्राच्या कडा वेगवेगळ्या पडतील. त्यांतले अंतर पट्टीने मोजायचे आणि नववीच्या भूमितीने चंद्राचे अंतर काढायचे. उत्तर ३ लाख ८४ हजार किलोमीटरच्या आसपास यायला हवे. ते किती चुकले आणि का चुकले, यावरची चर्चा शेवटच्या प्रकरणात आहे. त्यासाठी लागणाऱ्या कोऱ्या नोंदतक्त्यांची पाने पुस्तकाच्या अखेरीस जोडली आहेत. त्यांच्या प्रती काढून जून २०२७ मध्ये शाळा उघडताच अख्ख्या सूर्यावर सराव सुरू करावा.